पर्मनंट

गेल्या शनिवारी आनंद पटवर्धन यांची 'ऑक्युपेशन: मिल वर्कर' ही डॉक्युमेंटरी पाहिली. १९९६ सालची आहे आणि फक्त २२ मिनिटांची. (आमच्या कंपनीची टाउनहॉल मीटिंग याच्या तिप्पट चालते. :-) ) मुंबईतली न्यू ग्रेट ईस्टर्न मिल, चार वर्षं टाळं लागलेली. मुंबईत जमिनीचे भाव असे की गिरणी चालवण्यापेक्षा विकण्यात फायदा जास्त, हे शेंबड्या पोरालाही कळावं. वाट बघून कंटाळलेले कामगार शेवटी स्वतःच आत शिरतात आणि गिरणीचा ताबा घेतात. बस, एवढीच गोष्ट.

नावात श्लेष आहे. इंग्रजीत ऑक्युपेशन म्हणजे व्यवसाय, आणि ऑक्युपेशन म्हणजे ताबा. आयुष्यभर फॉर्मवर 'व्यवसाय: गिरणी कामगार' असं लिहिणाऱ्या माणसाला तो व्यवसाय टिकवायला गिरणीचाच ताबा घ्यावा लागतो. मराठीत हा श्लेष जमत नाही, पण अर्थ मात्र आपल्याला लवकर कळतो.

आता हीच फिल्म का बघावीशी वाटली, ते सांगतो. आमच्या ऑफिसात सध्या 'रिस्ट्रक्चरिंग' चालू आहे (कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण उघड आहे). एका मंगळवारी शेजारच्या टीममधल्या पोराला पंधरा मिनिटांची मीटिंग लागली. विषयाच्या जागी नुसतं 'कॅच-अप'. तो वही घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपचा अॅक्सेस बंद झालेला. त्याला काढलं नाही म्हणे, त्याने राजीनामा दिला. राजीनाम्याचा मेल एचआरने आधीच टाईप करून ठेवला होता, त्याने फक्त 'सेंड' दाबलं. सहा वर्षं नोकरी, घराचे ईएमआय, बायको सातव्या महिन्यात. संध्याकाळी सगळे चहाच्या टपरीवर जमलो, पण कोणी बोलेना. प्रत्येकजण मनात आपापल्या ईएमआयचा हिशोब करत होता.

२०२५च्या जुलैत टीसीएसने जवळपास दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्याकडे खरा हादरा बसला. कारण टीसीएस म्हणजे लग्नाच्या बाजारातली सरकारी नोकरी हो! तिथे हे होऊ शकतं तर बाकीच्यांचं काय? एक शब्द आपल्या आईवडिलांच्या तोंडी कायम असतो. 'पर्मनंट'. "पोरगा पर्मनंट आहे ना?" हा शब्द नक्की कशाला म्हणतात, ते बघायचं म्हणून मी डॉक्युमेंटऱ्या बघत सुटलो.

पटवर्धनांच्या आधी मायकेल मूर बघून झाला होता. त्याची 'रॉजर अँड मी' (१९८९) बऱ्याच जणांना माहीत असेल. जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या फ्लिंट गावचे कारखाने बंद केले, हजारो लोक घरी बसले, आणि मूर कंपनीच्या अध्यक्षांना गाठायला गावभर कॅमेरा घेऊन हिंडतो. त्याची १९९७ची 'द बिग वन' मात्र कमी लोकांनी पाहिली आहे. त्यात तो नायकीच्या फिल नाईटला प्रत्यक्ष भेटतो आणि सरळ विचारतो, फ्लिंटमध्ये बुटांचा कारखाना काढा की. नाईटचं म्हणणं, अमेरिकन लोकांना बूट शिवायचेच नाहीत. बघताना मला हसू येत होतं आणि अवघडल्यासारखंही होत होतं. कारण या नकाशाच्या दुसऱ्या टोकाला आपण आहोत. फ्लिंटची मोटार हिंजवडीत आली नाही, पण तिकडच्या बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं आली. त्या कामांवर आपण फ्लॅट घेतले. आता तीच कामं आणखी स्वस्त जागी किंवा एखाद्या एआय टूलकडे चालली, तर आपण कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

असो. मूर अमेरिकेचा, पटवर्धनांची गिरणी मुंबईची. या दोन्हीचा माझ्या गावाशी काय संबंध? तर संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

माझं गाव मलकापूर. बुलढाण्याचं नव्हे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं शाहूवाडीचंही नव्हे. कराडला चिकटून, पुणे-बंगळूर हायवेवर आहे ते. महिन्या-दोन महिन्यांतून वीकेंडला मी घरी जातो. आमच्या गल्लीत दोन म्हातारे आहेत, दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही मुंबई बघून आलेले. एक आप्पा, गिरणी कामगार. दुसरे तात्या, माथाडी. संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात आणि एकमेकांचं काही ऐकत नाहीत. फिल्म बघितली त्याच संध्याकाळी मी त्या कट्ट्यावर जाऊन बसलो.

आप्पा साचा खात्यात होते. साचा म्हणजे माग, लूम. आपल्या सातारा-सांगलीकडून आणि कोकणातून पिढ्यान् पिढ्या लोक गिरणगावात गेले. एकेका गावचा गाळा असायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. नवा माणूस आधी 'बदली' म्हणून लागायचा. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत खोलीवर. आपल्याकडचा बेंच तरी बरा, काम नसलं तरी पगार चालू असतो! वर्षानुवर्षं बदली करून माणूस शेवटी 'पर्मनंट' व्हायचा. आप्पा पर्मनंट झाले तेव्हा गावाकडे पेढे वाटले होते म्हणे.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पन्नास-साठ गिरण्या बंद. मागणी पगार-बोनसची होती, बदली कामगारांना कायम करण्याची होती, आणि त्याच्या मुळाशी आणखी एक दुखणं होतं. १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्या कायद्याने एका उद्योगात एकच 'मान्यताप्राप्त' संघटना, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, पण वाटाघाटीचा हक्क दुसऱ्यांकडे. बोलायचं कोणी आणि कोणाशी, याचाच पत्ता नाही.

संप लांबला तसे कामगार गावाकडे परतले. आप्पाही आले.

"दोन म्हैन्यात मिटंल म्हणलं. ट्रंक खोलीवरच ठिवून आलो."

"मग?"

"मग काय? आजून मिटला न्हाय."

आप्पा विनोद करत नव्हते. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. नुसता विरून गेला. १९८३मध्ये सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, काही गिरण्या कमी माणसांवर सुरू झाल्या, आणि हजारो लोकांना परत बोलावणं आलंच नाही. आप्पा त्यातले एक. पर्मनंट.

नंतरची गोष्ट जमिनीची. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक नियम आला, क्रमांक ५८. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण तीन वाटे करायचे: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी, आणि मालकाला. २००१मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असा अर्थ आला. म्हणजे शेड उभ्या असलेली जमीन वाटणीतून बाहेर! २००६मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती उचलून धरली. आज आपण लोअर परळला क्लायंट मीटिंगला जातो, कमला मिल कंपाउंडमधे जेवतो, फिनिक्सला खरेदी करतो. पत्त्यात अजून 'मिल' आहे, फक्त पत्त्यातच. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२, २०१६ आणि २०२०मध्ये मोठ्या सोडती काढल्या, पण अर्ज दीड लाखाच्या वर आणि घरं त्या मानाने मूठभर. आप्पांचा अर्जही त्यात आहे. पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवली आहे.

आता तात्या. तात्या मशीद बंदरला हमाली करायचे. पाठीवर पोती आणि हातगाडी. आमच्या लहानपणी आप्पांचा मान मोठा होता, ते 'गिरणीत' होते. तात्या नुसतेच हमाल. तात्यांना ना कंपनी, ना गेट, ना बिल्ला. टोळीतून काम, टोळीचा मुकादम, दिवसाला चार वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचा माल. यातला त्यांचा मालक कोण? कुणीच नाही. म्हणून कुणाचीच जबाबदारी नाही. पोतं पडून पाय मोडला तर घरी बसायचं.

हे बदलणारा माणूस आमच्याच बाजूचा. मलकापुरात हायवेवर ढेबेवाडी फाटा आहे. तिथून आत वळलं की रस्ता पाटण तालुक्यात ढेबेवाडीच्या खोऱ्यात जातो. तिकडच्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील. त्यांनी हमालांची संघटना बांधली, आणि १९६९मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. (अण्णासाहेबांचा शेवट १९८२च्या मार्चमध्ये झाला. मराठा आरक्षणाच्या मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. गिरणी संपाला तेव्हा दोन महिने झाले होते.)

त्या कायद्याचं डिझाईन मला, एक सॉफ्टवेअरवाला म्हणून, फार आवडलं. मालक सापडत नाही ना? मग मधे एक बोर्ड घाला. बोर्डात सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने बोर्डाकडे नोंदणी करायची, कामगारानेही करायची. व्यापारी मजुरी बोर्डाकडे भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. बोर्ड कामगाराला पगार देणार, आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं उचललं आणि दुपारी दुसऱ्याचं, तरी खातं एकच. व्यापारी दुकान बंद करून गेला तरी कामगाराची जमा झालेली वर्षं कुठे जात नाहीत. म्हणजे डेटा कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेला नाही, कामगाराच्या नावावर ठेवला आहे.

तात्यांनी निवृत्तीनंतर फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशात मलकापुरात दोन खोल्या बांधल्या. आप्पा पर्मनंट होते आणि तात्या कधीच नव्हते. मी हे दोघांसमोर बोलून दाखवलं. आप्पा गप्प बसले. तात्या म्हणाले, "आमाला मालकच नव्हता, त्यामुळं आमाला कोण काढणार?" आणि तंबाखू मळत हसले.

माथाडी बोर्ड म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाहीये. बोगस टोळ्या, माथाडीच्या नावाखाली वसुली, नोंदणी चुकवणारे मालक, या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत आणि त्यात तथ्य आहे. शिवाय या बोर्डांखाली न येणारे हमाल आजही पुष्कळ आहेत. पण मूळ कल्पना पक्की आहे: सुरक्षितता नोकरीला बांधू नका, माणसाला बांधा.

आता आपला हिशोब मांडू. आपल्या पगारातल्या गोष्टींपैकी आपल्या नावाला बांधलेलं काय आहे? एक, पीएफ. २०१४पासून यूएएन नंबर आल्यापासून तो निदान आपल्या मागोमाग येतो. बाकी? ग्रॅच्युइटीला सर्वसाधारण पर्मनंट नोकरीत एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं लागतात. म्हणजे दर तीन वर्षांनी उडी मारणाऱ्या आपल्या पिढीला, किंवा साडेचार वर्षांनी 'कॅच-अप'ला बोलावलेल्या माणसाला, शून्य. आईवडिलांचा मेडिक्लेम कंपनीचा. आयकार्ड जमा केलं की आई-बाबांचं कव्हर संपलं, आणि साठीच्या पुढे नवी पॉलिसी घ्यायला गेलं की बीपी-शुगर विचारतात. तात्यांची ग्रॅच्युइटी शंभर व्यापाऱ्यांकडचं काम मिळून मोजली गेली. आमची दोन कंपन्या मिळून मोजत नाहीत.

कायदा काय म्हणतो? जुना १९४७चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कामगार कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई, हे दोन्हीकडे आहे. नव्या संहितेत भर म्हणून नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार एका फंडातून मिळायची तरतूद आहे. पण याला दोन भोकं आहेत. पहिलं, हे सगळं 'कामगारा'ला. व्यवस्थापकीय पदावरचा माणूस त्यात येत नाही, आणि देखरेखीच्या पदावर महिना १८ हजारांच्या वर पगार असला तर तोही बाहेर. म्हणून तर आपल्याकडे दोन वर्षांच्या अनुभवावर 'लीड' करून टाकतात की काय, अशी शंका येते ;-). दुसरं भोक मोठं आहे. राजीनामा दिला की ती कपातच नाही. कपात नाही म्हणजे भरपाई नाही. त्या तयार ठेवलेल्या मेलची किंमत एवढी आहे.

एक गंमत बघा. २०२३मध्ये राजस्थानने गिग कामगारांसाठी, म्हणजे अॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या लोकांसाठी कायदा केला. त्यात काय आहे? कल्याण बोर्ड, कामगाराची नोंदणी, आणि प्रत्येक व्यवहारावर कंपनीकडून ठरावीक शुल्क. ओळखीचं वाटतंय ना? मशीद बंदरच्या हमालासाठी १९६९मध्ये जो आराखडा झाला, तोच अॅपच्या जमान्यात परत कामाला आला. आयटीतल्या माणसासाठी असं काही असावं, हे आपण कधी मागितलेलंसुद्धा नाही. कारण आपण स्वतःला 'कामगार' म्हणवून घेत नाही. आपण असोसिएट असतो, कन्सल्टंट असतो, फॅमिली असतो. आणि काढताना मात्र रिसोर्स असतो.

शेवटी मलकापूरचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या गावात २००८-०९च्या सुमारास मीटरवर चोवीस तास पाण्याची योजना आली. त्याआधी आमच्या घरी पाणी यायच्या वेळी युद्ध असायचं. हंडे, कळश्या, बादल्या, मोरीतलं पिंप, सगळं काठोकाठ भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ओतून द्यायचं. चोवीस तास पाणी आलं तर लोक वाटेल तसं सांडतील, असं सगळ्यांना वाटत होतं. आमच्या घरी उलटं झालं. नळ कधीही सोडला तरी पाणी येतं, याची खात्री पटल्यावर आईने एकेक करून भांडी कमी केली आणि पिंप भंगारात दिलं.

आपण सगळे सध्या भांडी भरत बसलोय. न आवडणारी नोकरी धरून ठेवतो, आजारी असताना लॉगिन करतो, शेजारचा गेला तर आपली जागा वाचली म्हणून गुपचूप सुस्कारा टाकतो. 'लोकांना सुरक्षितता दिली तर आळशी होतील' हे आपल्या मॅनेजर मंडळींचं आवडतं वाक्य आहे. आमच्या आईला विचारा, ती वेगळं सांगेल.

असो. बरंच लांबलं. दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. एक, आईवडिलांचा आरोग्य विमा कंपनीपासून वेगळा, त्यांच्या वयाची साठी उलटायच्या आत घ्या. दोन, कधी तुम्हाला 'कॅच-अप' लागलाच तर तिथल्या तिथे 'सेंड' दाबू नका. "मला वाचायला दोन दिवस द्या," एवढं म्हणा आणि उठा. शेजारच्या टीममधल्या त्या पोराला हे सांगायला त्या मंगळवारी तिथे कोणी नव्हतं.